शेवटचा दिवा

दर गुरुवारी सहाला, चर्चच्या मागे, बेकरीपाशी
आम्ही जमतो. आठ जण, सात सायकली.
ओटमार आणि त्याची बायको जोडसायकलवर;
भांडण झालं तरी पायडल एकाच लयीत मारावं लागतं,
एवढ्यावर त्यांचा संसार टिकलाय.

फ्रँकोनियातल्या या टेकड्या नकाशात सपाट दिसतात.
नकाशा काढणारा मोटारीतून फिरला असावा.

पुढे फाइट. त्याला गावोगावच्या ब्रुअऱ्यांचे वार पाठ:
कुठे बुधवारी नवं पिंप उघडतं, कुठे सोमवारी कुलूप,
आणि कुठली ब्रुअरी, मुलगा शहरात गेल्यापासून,
निव्वळ आईच्या गुडघ्यांच्या मर्जीवर चालते.
सगळ्यात मागे मी, हिल्ट्रूड.
पिशवीत पंप, दोन ट्यूब, ठिगळं,
आणि डब्यात काकडी, कारण मी पीत नाही.
चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं,
तेव्हा माणसं मोजायचं काम आपोआप माझ्याकडे.

पहिला चढ संपतो तिथे वास येतो
भाजलेल्या जवाचा, बीचच्या धुराचा,
भिंतीपलीकडे कुणी भाकरी करपवतंय तसा.
मग कुणाच्याच गुडघ्यांना वय उरत नाही.

लिंडेनखाली लांबच लांब बाकं.
दगडी मग घामेजलेले, एकमेकांवर आदळतात;
काचेसारखे किणकिणत नाहीत,
जाड दार ओढून घ्यावं तसा आवाज.
मालकीणबाई पुठ्ठ्याच्या चकतीवर
दर मगामागे पेन्सिलीची एक रेघ ओढते.
माझ्या सफरचंदाच्या रसाची रेघ जरा आखूड.
दया म्हणून की निषेध म्हणून,
मी कधी विचारलं नाही.

फाइट दर वेळी सांगतो,
इथली बिअर पुलापलीकडे नेली की चव जाते.
पूल शंभर पावलांवर आहे.
आम्ही दर वेळी म्हणतो, असं?

परतताना अंधार. पुढे सहा लाल ठिपके,
गाण्याबरोबर जरा डुलणारे.
डेअरीच्या वळणावर माझी चेन उतरली.
दोन मिनिटं, फार तर तीन.
मान वर केली तर पाच.
पुन्हा मोजले.
पाच.

बुर्कहार्ट फाट्यावरून डावीकडे वळला होता.
म्हाताऱ्या बैलाला गोठ्याची वाट दाखवावी लागत नाही,
पण हा गोठा अकरा वर्षांपूर्वी विकलेला,
घटस्फोटाच्या कागदांबरोबर.
आता अंगणात कुणाच्या तरी पोरांची घसरगुंडी,
खिडकीत टीव्हीचा निळा उजेड.
सायकल नीट स्टँडवर लावून
तो खिसे चाचपत उभा.
"किल्ली सापडत नाहीये."

आयुष्यभर मी लाल शाईने
चूक नेमकी कुठे ते दाखवत आले.
त्या रात्री म्हटलं, "बाकावर राहिली असेल.
आधी माझं मागचं चाक बघ, हवा कमी वाटतेय."

तो वाकला. दोन बोटांनी टायर दाबला.
त्या बोटांना अजून सगळं ठाऊक होतं.
"घट्ट आहे," म्हणाला.
आणि मग, फाटकाकडे न बघता,
"यांनी रंग बदलला."
"बदलला."
"वाईट नाही दिसत."

उताराखाली पाच दिवे थांबलेले.
कुणी काही विचारलं नाही; ओटमारच्या बायकोने
फक्त घंटी वाजवली, एकदा,
आणि ओटमारने, विचारलं नसताना, तिला ब्रेक लावायला सांगितला.

गुरुवार अजून तसेच आहेत.
बुर्कहार्ट आता माझ्या लगेच पुढे असतो.
हे कुणी ठरवलं नाही, बैठक घेतली नाही.
फक्त मी मोजायची रीत बदलली:
पूर्वी फाइटपासून सुरू करायचे,
आता एक म्हणजे तो.